पणजीत राहणाऱ्याला भाड्याने घर मिळू द्या: महापालिका आणि पर्यटन खात्याला खुले पत्र

प्रति,
माननीय महापौर आणि सर्व नगरसेवक, पणजी महानगरपालिका
माननीय पर्यटनमंत्री आणि संचालक, पर्यटन खाते, गोवा सरकार

सप्रेम नमस्कार.

२०२४ साली गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले, असे सरकारी आकडे सांगतात. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्या पाहुण्यांना रात्री टेकायला जागा लागते आणि ती सगळी हॉटेलांत मिळत नाही. तिच्यातला मोठा वाटा आता निवासी इमारतींमध्ये आहे. आमच्याच जिन्यावर, एका दारावर आकडे दाबून उघडायची किल्लीची पेटी टांगलेली असते आणि दर दोन-तीन दिवसांनी नवी मंडळी बॅगा ओढत वर चढतात. मी सांतिनेजमधल्या एका गृहनिर्माण सोसायटीचा सचिव आहे. सचिवाला सगळ्यांच्या तक्रारी ऐकाव्या लागतात. पण हे पत्र तक्रारींचे नाही. ते घरांच्या बाजाराविषयी आहे, आणि आपण दोघांनी मिळून घ्यायच्या एका निर्णयाविषयी.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट सांगतो. रात्रीच्या भाड्याने घर देण्यावर सरसकट बंदी मला नको आहे. जो मालक स्वतः त्या घरात राहत नाही, त्याने निवासी इमारतीतला अख्खा फ्लॅट पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने देणे थांबले पाहिजे. जो स्वतःच्या घरात राहून एक-दोन खोल्या देतो, त्याला मोकळीक राहिली पाहिजे. आणि या मर्यादेमुळे मोकळे होणारे फ्लॅट कुलूप लावून पडून न राहता भाडेकरूंच्या हाती जातील, याची तजवीज त्याच निर्णयात झाली पाहिजे. हा शेवटचा भाग राहून गेला, तर आधीच्या दोन्ही भागांचा पणजीला फारसा उपयोग होणार नाही, असे माझे ठाम मत आहे. बाहेरच्या शहरांत जे घडले त्यावरून आणि गोव्याच्या घरांचा जो इतिहास आहे त्यावरून मी या मतावर आलो आहे. दोन्हींविषयी सविस्तर लिहितो.

घर शोधतो आहे तो कोण? बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, ड्युटी असलेली परिचारिका, निवासी डॉक्टर, ताळगाव पठारावर विद्यापीठात शिकणारी मुले, बदलून आलेला बँकेचा कर्मचारी, सरकारी कार्यालयात नव्याने लागलेला कारकून, अठरा जून रस्त्यावरच्या दुकानात काम करणारा मुलगा. पणजी यांच्याच जिवावर चालते. पणजीत घर परवडत नाही म्हणून ही माणसे पर्वरी, मेरशी, सांताक्रूझ अशी बाहेर सरकत जातात आणि रोज सकाळी शहरात येणाऱ्या वाहनांच्या रांगेत उभी राहतात. ज्यांना शहरातच घर मिळते, त्यांच्यापैकी अनेकांना दलाल आधीच बजावतो की सप्टेंबरअखेर जागा रिकामी करावी लागेल. किनारपट्टीवर ही पद्धत जुनी आहे: पावसाळ्यात भाडेकरू, हंगामात पर्यटक. आता ती शहराच्या आतल्या इमारतींतही शिरली आहे. मुलाच्या शाळेचे वर्ष अर्ध्यावर असते आणि घर सप्टेंबरअखेर सोडायचे असते. अशा करारावर कुठले कुटुंब संसार मांडणार?

मालकाला मी दोष देत नाही. त्याचा हिशेब करून बघू. समजा, दोन बेडरूमच्या फ्लॅटला वर्षभर राहणाऱ्या भाडेकरूकडून महिना ३० हजार रुपये मिळतात. वर्षाचे झाले ३ लाख ६० हजार. तोच फ्लॅट पर्यटकांना दिला आणि सफाई, चादरी-टॉवेल, वीज, संकेतस्थळाचे कमिशन, सांभाळणाऱ्या माणसाचा पगार असे सगळे वजा जाता रात्रीचे सरासरी अडीच हजार हातात राहिले, तर १४४ रात्री भरल्या की भाड्याइतकी रक्कम सुटते. त्यापुढची प्रत्येक रात्र नफ्याची. दोनशे रात्री भरल्या की पाच लाख. शिवाय नाताळात स्वतःला यायचे असले तर घर मोकळे, आणि भाडेकरू हटणार नाही ही भीती नाही. दिल्ली-मुंबईत बसून गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणारा दुसरे काय करील? आणि हा फ्लॅट विकताना त्याची किंमत या पाच लाखांवरच ठरते. त्यामुळे सांतिनेज किंवा करंजाळ्यात स्वतः राहण्यासाठी घर घेऊ पाहणाऱ्या स्थानिक जोडप्याला पर्यटन-उत्पन्नाच्या भावाने बोली लावावी लागते. त्यांचा पगार मात्र पणजीतलाच असतो. भाडे आणि किंमत दोन्ही कसे चढतात, याचे मूळ या एका हिशेबात आहे.

हा माझा अंदाजच नाही. बार्सिलोनावर काही अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०२० साली ‘जर्नल ऑफ अर्बन इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात आला. सरासरी वस्तीत एअरबीएनबीमुळे, म्हणजे पर्यटकांना घरे रात्रीच्या भाड्याने मिळवून देणाऱ्या संकेतस्थळामुळे, भाडी सुमारे १.९ टक्क्यांनी वाढली, असे त्यांना दिसले. पण जिथे अशा घरांची दाटी सर्वांत जास्त, त्या वस्त्यांत भाड्यातली वाढ ७ टक्के होती आणि घरांच्या व्यवहार-किमतींतली १७ टक्के. या दोन आकड्यांतल्या अंतराकडे कृपया लक्ष द्यावे. शहराच्या सरासरीत प्रश्न किरकोळ दिसतो आणि जुन्या गावठाणात, पर्यटकांच्या लाडक्या चार गल्ल्यांत, तोच जीवघेणा असतो. उद्या कुणी आपल्यापुढे गोव्याची सरासरी ठेवून ‘परिणाम नगण्य आहे’ असे सांगितले, तर त्याला मळा आणि फोंतेन्हास या पणजीच्या जुन्या वस्त्यांचा वेगळा आकडा मागा.

आता मर्यादा घातल्यावर काय होते ते पाहू. लॉस एंजेलिस परगण्यातल्या ८८ नगरांपैकी १८ नगरांनी अशा भाड्यांवर कडक निर्बंध आणले. शेजारचे नगर तसेच मोकळे राहिले असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंची तुलना संशोधकांना करता आली. निर्बंध असलेल्या बाजूला जाहिराती निम्म्यावर आल्या आणि घरांच्या किमती सुमारे २ टक्क्यांनी उतरल्या. २ टक्के हा आकडा छोटा वाटेल. पण ज्या घराची किंमत ८० लाख आहे त्याचे हे एक लाख साठ हजार होतात, आणि गृहकर्जासाठी स्वतःचे पैसे गोळा करताना तरुण कुटुंबाला तेवढे जमवायला वर्ष जाते. म्हणजे मर्यादांचा परिणाम होतो. मात्र एका नियमाने भाडी अर्ध्यावर येतील असे जो सांगतो, तो लोकांना फसवतो.

न्यूयॉर्कचे उदाहरण याच कारणासाठी मोलाचे आहे. तिथला ‘लोकल लॉ १८’ हा कायदा २०२२च्या जानेवारीत झाला आणि ५ सप्टेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर यजमान स्वतः तिथे हजर हवा, पाहुणे दोघांपेक्षा जास्त नकोत, पालिकेकडे नोंदणी हवी. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, नोंदणी नसलेल्या घराचा व्यवहार संकेतस्थळाने करायचाच नाही. परिणाम झपाट्याने दिसला. अशा मुदतीच्या जाहिराती बावीस हजारांच्या घरात होत्या, त्या काही हजारांवर आल्या. अंमलबजावणीच्या बाबतीत इतका परिणामकारक कायदा मला दुसरा माहीत नाही.

पण भाडी उतरली नाहीत. त्यावरून कायदा फसला असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही, पण त्यांची बाजू समजून घ्यावी लागेल. न्यूयॉर्कमध्ये सुमारे ३७ लाख घरे आहेत. त्यांतले बावीस हजार म्हणजे शंभरातले एकसुद्धा नाही. त्याच काळात, २०२३च्या पाहणीत, भाड्यासाठी रिकाम्या असलेल्या घरांचे प्रमाण १.४१ टक्के निघाले. १९६८ नंतरचे हे सर्वांत कमी प्रमाण. शहराची भूक इतकी मोठी असताना हा घास तिला पुरणारा नव्हता. शिवाय मोकळे झालेले सगळे फ्लॅट भाडेकरूंना मिळाले असेही नाही. बऱ्याच मालकांनी मुदत तीस दिवसांवर नेली आणि कामासाठी येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांना घरे देऊ केली. काहींनी घर तसेच ठेवले. इकडे हॉटेलांचे दर चढले. क्वीन्स आणि ब्रुकलिनमध्ये स्वतःच्या छोट्या घरात राहून हप्ता फेडण्यासाठी एखादा मजला देणारी साधी माणसेही याच नियमात भरडली गेली, आणि त्यांच्यासाठी नियम सैल करावेत असा प्रस्ताव पुढे त्यांच्या नगरपरिषदेत आला.

या सगळ्यातून पणजीने काय घ्यावे? संकेतस्थळाला जबाबदार धरण्याची पद्धत जशीच्या तशी घ्यावी. घरात राहणाऱ्या यजमानावर इतका कडकपणा करू नये. आणि प्रमाणाचा विचार करावा: ३७ लाख घरांच्या महानगरात जे थेंबासारखे होते, ते ४० हजार वस्तीच्या पणजीत तसे राहत नाही. छोट्या शहरात शे-दोनशे फ्लॅट एका वॉर्डातून गेले, तर त्या वॉर्डात भाड्याला घरच उरत नाही. म्हणूनच मर्यादेचा लाभ आपल्याला न्यूयॉर्कपेक्षा जास्त मिळण्याची शक्यता मला दिसते.

बार्सिलोनाने आणखी पुढचे पाऊल टाकले आहे. २०२४च्या जूनमध्ये तिथल्या महापौरांनी, जाउमे कोलबोनी यांनी, जाहीर केले की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर पुढे चालू राहणार नाहीत. दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी वाढली, हे कारण त्यांनी दिले. पाहा, हा आकडा १०,१०१ इतका नेमका आहे. तिथल्या पालिकेला आपल्या शहरातला प्रत्येक पर्यटक-फ्लॅट ठाऊक आहे, कारण परवान्याशिवाय तो चालत नाही आणि नवे परवाने कित्येक वर्षे बंद आहेत. बार्सिलोनाची टोकाची बंदी मला पणजीसाठी योग्य वाटत नाही. पण त्यांच्याकडे ती करण्याची ताकद या मोजणीतून आली. आधी मोजले, मग गोठवले, आणि मग बंद करायची तारीख चार वर्षे आधी सांगितली.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागत नाही. पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा १९८२ पासून आहे. पर्यटकांना पैसे घेऊन राहायला जागा देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी, हे त्यात आहेच, आणि खात्याने व्हिला व फ्लॅटमालकांना तशा सूचनाही काढल्या आहेत. अडचण ही की सूचना मालकाला जाते, आणि मालक दुसऱ्या राज्यात असतो. ज्या दिवशी नोंदणी क्रमांकाशिवाय जाहिरात झळकणार नाही, क्रमांक खोटा निघाला तर संकेतस्थळ ती उतरवील आणि त्यावरचा दंड संकेतस्थळही भरेल, त्या दिवसापासून खात्याच्या निरीक्षकांना दारोदार फिरावे लागणार नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १ मे २०२४ पासून मोठ्या नगरांत ‘राहते घर आणि त्याच आवारातली आणखी एक जागा’ एवढीच सवलत ठेवली आणि मग जाहिरातींवर नोंदणी क्रमांक सक्तीचा केला. गोव्याच्या घरांना हे माप चांगले बसते. आपल्याकडच्या जुन्या घराला मागे एखादी वेगळी खोली, माडीवर वेगळा जिना, बाजूला आउटहाउस असतेच.

रात्रींच्या संख्येवर मर्यादा घालण्याची सूचना कदाचित आपल्यापुढे येईल. लंडनमध्ये वर्षाला ९० रात्रींची मर्यादा आहे, अॅमस्टरडॅममध्ये ती २०१९ साली ३० रात्रींवर आणली गेली. कागदावर हे सोपे आणि मध्यममार्गी दिसते. गोव्यात ते चालणार नाही, असे मला वाटते, आणि याचे कारण आपला हंगाम आहे. वरचाच हिशेब पुन्हा मांडतो. ९० रात्रींची मर्यादा घातली आणि हातात राहणारी रक्कम अडीच हजारच धरली, तर वर्षाचे सव्वादोन लाख होतात. म्हणजे भाडेकरू ठेवणे फायद्याचे. पण मालक ९० रात्री वर्षभरात सारख्या वाटणार नाही. तो इफ्फी चित्रपट महोत्सवाचे दिवस घेईल, नाताळ ते नववर्षाचे दिवस घेईल, कार्निव्हल घेईल, थंडीतले शनिवार-रविवार घेईल. या रात्रींना हातात पाच हजार राहिले तर ९० रात्रींचे साडेचार लाख झाले. वर पावसाळ्याचे चार महिने कुणा विद्यार्थ्याला किंवा परिचारिकेला देऊन सप्टेंबरात बाहेर काढायला तो मोकळाच. म्हणजे ज्या हंगामी हकालपट्टीबद्दल मी वर लिहिले, तिला आपण कायद्याने बळ दिल्यासारखे होईल. रात्री मोजायला माणसेही लागतात. त्यापेक्षा ‘मालक इथे राहतो का?’ हा एकच प्रश्न विचारावा. मतदार यादी, वीजबिल, आधारचा पत्ता, सोसायटीचे पत्र एवढ्यावर त्याचे उत्तर मिळते.

आता सर्वांत अवघड भाग. २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या पाचांतल्या एकाहून जास्त घरे रिकामी आढळली होती. देशात हे प्रमाण सर्वाधिक होते. आणि तेव्हा घरबसल्या मोबाइलवर फ्लॅट बुक करण्याचा धंदा इथे रुजलाही नव्हता. म्हणजे पर्यटकांना घरे देणे बंद केले की ती आपोआप भाडेकरूंना मिळतील, ही समजूत गोव्याच्या अनुभवाशी जुळत नाही. इथे घर रिकामे ठेवण्याची सवय जुनी आहे आणि तिची कारणे खरी आहेत.

एक कारण वारसाहक्काचे. आपल्या नागरी संहितेप्रमाणे वडिलोपार्जित घरात सगळ्या मुलांचा वाटा. एक भाऊ लिस्बनला, बहीण मुंबईला, पुतणे लंडनला. वाटणीचा इन्व्हेंटरी दावा न्यायालयात वर्षानुवर्षे चालू. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत घराचे कौल उतरतात आणि मग भिंती. फोंतेन्हासमध्ये बंद खिडक्यांची जी घरे पर्यटक हौसेने टिपतात, त्यांतल्या कित्येकांमागे हेच असते. दुसरे कारण भाडेकरूची भीती. १९६८च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली गेलेली घरे पिढ्यान्‌पिढ्या परत मिळाली नाहीत, दीडशे-दोनशे रुपये भाड्यात मोक्याची जागा अडकून बसली, हे प्रत्येक गोमंतकीय घरमालकाने आपल्या घरात ऐकलेले असते. म्हणून लोक अकरा महिन्यांचा करार करतात, तो झाला की भाडेकरू बदलतात, किंवा देतच नाहीत. तिसरे, दुसऱ्या घरांचे मालक. त्यांना वर्षातले पंधरा दिवस इथे यायचे असते आणि बाकीचे दिवस घर बंद ठेवणे परवडते.

या तिघांवर एकच औषध चालणार नाही. वारसांच्या घरांसाठी आपण फार काही करू शकत नाही, तो न्यायालयांचा आणि विधानसभेचा विषय. मात्र भीतीवर उपाय आहे, आणि माझ्या मते मर्यादेच्या बरोबरीने तोच महत्त्वाचा आहे. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायदा मंजूर करून राज्यांपुढे ठेवला. राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको; करार लेखी आणि भाडे प्राधिकरणाकडे नोंदलेला; वादांसाठी वेगळे न्यायालय; मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे. घर परत मिळेल ही खात्री मालकाला, आणि मुदतीआधी कोणी काढणार नाही ही खात्री भाडेकरूला, दोन्ही त्यात आहेत. पर्यटनमंत्र्यांनी मंत्रिमंडळात हा विषय पर्यटनाचा भाग म्हणून मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रात्रीच्या भाड्याकडे मालक वळतो ते फक्त जास्त पैशांसाठी नाही. पर्यटक तीन दिवसांनी नक्की जातो, हेही त्याला तितकेच हवे असते. भाडेकरूही मुदत संपल्यावर नक्की जाईल, हे कायद्याने दिले, तर हिशेबातला मोठा तुकडा आपल्या बाजूला येतो.

दुसऱ्या घरांच्या बाबतीत घरपट्टीचा वापर करता येईल. वर्षातले बहुतेक दिवस बंद राहणाऱ्या फ्लॅटला जास्त दर आणि नोंदणीकृत करारावर वर्षभर भाड्याने दिलेल्या फ्लॅटला सवलत, असे महापालिकेने करावे. रात्रीच्या भाड्याने चालणारा फ्लॅट जर राहते घर म्हणून घरपट्टी भरत असेल, तर तो आधी व्यावसायिक दरात आणावा. तो धंदा आहे.

करारांच्या नोंदणीचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, कितीही मुदतीचा असो, नोंदवावा लागतो आणि तो घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो. एरवी नोंदणीच्या सर्वसाधारण कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या कराराला ही सक्ती नाही, आणि म्हणूनच तर अकरा महिन्यांची प्रथा पडली. याचा एक परिणाम असा की पणजीत कुठल्या वॉर्डात दोन बेडरूमच्या घराला काय भाडे आहे, हे दलालांना माहीत असते आणि पालिकेला नसते. अशा स्थितीत मर्यादा घातल्यावर भाडी उतरली की चढली हे कळणार कसे? दोन वर्षांनी एक बाजू म्हणेल नियम यशस्वी झाला, दुसरी म्हणेल वाया गेला, आणि दोघांकडेही कागद नसेल. न्यूयॉर्क आणि बार्सिलोनात निदान वाद घालायला आकडे होते.

या मर्यादेने कुणाचे नुकसान होईल, हेही मोकळेपणाने लिहिले पाहिजे. अशा फ्लॅटांची सफाई करणाऱ्या बायका, चादरी धुणारे, किल्ल्या सांभाळणारे तरुण यांचे काम कमी होईल. त्यातले अनेकजण स्वतः भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांना वर्षभराचा अवधी आधी मिळाला तर हॉटेलांत, नोंदणीकृत होमस्टेंत त्यांची सोय होऊ शकते. अचानक एका रात्रीत नियम आला तर होणार नाही. ज्यांनी बँकेचे कर्ज काढून एकच फ्लॅट घेतला आणि पर्यटकांच्या पैशांतून हप्ता भरतात, त्यांनाही पुरेशी मुदत दिली पाहिजे. पण एकाच माणसाच्या किंवा कंपनीच्या नावावर, किंवा एकाच व्यवस्थापकाच्या हातात अनेक फ्लॅट आहेत, त्यांना मुदत कशाला? ते हॉटेल चालवत आहेत. त्यांनी हॉटेलाचा परवाना घ्यावा, अग्निशमन दलाचा दाखला घ्यावा आणि व्यापारी जागेत धंदा करावा.

आणि फोंतेन्हासमधली ती वृद्ध बाई, जिची मुले परदेशी आहेत, जी पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन कौलांची डागडुजी करते, सकाळी पोई आणि चहा स्वतः आणून ठेवते, तिच्या केसालाही या नियमाने धक्का लागता कामा नये. तिचे घर तिच्यामुळे उभे आहे, आणि तिच्या गल्लीत अजून कुणी राहते ते तिच्यामुळेच. होमस्टेसाठी सरकारने धोरण आणले आहे, त्याचा खरा लाभ अशा घरांना द्या. तिची नोंदणी फुकट करा, अर्ज मराठीत आणि कोकणीत ठेवा, एका खिडकीवर काम होऊ द्या. आज होते असे की जी एका जागी राहते, जिचे दार दिवसभर उघडे असते, तिच्यापर्यंत निरीक्षक सहज पोचतो, आणि किल्लीच्या पेटीवर चालणाऱ्या फ्लॅटमध्ये त्याला कुणी भेटत नाही.

सोसायट्यांविषयी थोडेच लिहितो. पाणी, लिफ्ट, पार्किंग, मध्यरात्रीचे संगीत या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. आम्हाला अडचण ही येते की आमच्या हातात अधिकार नाही. सर्वसाधारण सभेने ठराव केला तरी मालक म्हणतो, माझे घर, मी कुणालाही देईन. भाडेकरूची पोलीस पडताळणी झाली का हे आम्ही विचारू शकतो, पण रोज बदलणाऱ्या पाहुण्यांची नावे आमच्याकडे नसतात. पर्यटन खात्याने निवासी इमारतीतल्या फ्लॅटची नोंदणी करण्याआधी सोसायटीचे लेखी मत मागवावे, आणि नोंदणी दिली तर तिची प्रत सोसायटीला पाठवावी. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल.

पुढचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होईल. त्याआधी पर्यटन खात्याने नोंदणीकृत आणि जाहिरातींत दिसणाऱ्या सर्व जागांची वॉर्डनिहाय यादी तयार करून महापालिकेला द्यावी. महापालिकेने ती घरपट्टीच्या नोंदींशी पडताळून संकेतस्थळावर आणि फलकावर लावावी, मालकांची नावे वगळून. यादी लागल्यापासून निवासी इमारतींतल्या अख्ख्या फ्लॅटांची नवी नोंदणी थांबवावी आणि जुन्यांना संपण्याची तारीख द्यावी. आमच्या इमारतीतला कोणता फ्लॅट कशासाठी वापरला जातो, ही माहिती समितीच्या ठरावासह मी लेखी द्यायला तयार आहे. महापालिकेने परिपत्रक काढून शहरातल्या सर्व सोसायट्यांकडून ती मागवावी. पहिले पत्र आमच्याकडे आले तरी चालेल.

आपला विश्वासू,
सांतिनेज, पणजी येथील एका गृहनिर्माण सोसायटीचा सचिव